झालेल्या कामाचे मोल : अ‍ॅजाइल प्रकल्पांतील ‘अर्जित मूल्य’ आणि त्याची मराठी

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि इन्फोसिस यांची संकुले उभी राहिली आणि शहरातल्या अनेक मराठी घरांत रात्रीच्या जेवणाच्या वेळी नवे शब्द ऐकू येऊ लागले. ‘स्प्रिंट संपतोय’, ‘बॅकलॉग वाढला’, ‘या वेळी वेलॉसिटी पडली’. आईवडिलांना त्यातून मुलगा दमला आहे एवढेच कळते. मुलालाही हे शब्द वापरता येतात, पण मराठीत उलगडून सांगता येतात असे नाही. अशा शब्दांपैकी ‘अर्न्ड व्हॅल्यू’ म्हणजेच ‘अर्जित मूल्य’ हा एक शब्द प्रस्तुत लेखात घेतला आहे. ही कल्पना काय आहे, ती कशी मोजतात आणि मराठीत ती कोणत्या शब्दांनी सांगावी, असे तीन प्रश्न येथे आहेत. यातील गणित शाळेतल्या शेकडेवारीपलीकडे जात नाही. त्यामुळे भाषेच्या विद्यार्थ्यांनी ते टाळू नये. कोश, बोलीसर्वेक्षण, हस्तलिखितांचे अंकीकरण ही कामेही प्रकल्पच असतात, आणि ती अनेकदा सार्वजनिक पैशावर चालतात.

मूळ प्रश्न

अध्यापनाकडे वळण्यापूर्वी मी एका सॉफ्टवेअर प्रकल्पात काम करत होतो. दर शुक्रवारी ग्राहकाकडे अहवाल जाई. एका शुक्रवारी अहवालात ‘काम ९० टक्के पूर्ण’ असे लिहिले गेले आणि पुढचे सात शुक्रवार तो आकडा तसाच राहिला. कोणी खोटे बोलत नव्हते. प्रत्येकाला आपले काम ‘झाल्यातच जमा’ वाटत होते. पैसे मात्र दर महिन्याला संपत होते. शेवटी ग्राहकाने विचारले, “माझ्या पैशातले किती पैसे कामात उतरले?” या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते.

अर्जित मूल्याची कल्पना याच प्रश्नाचे उत्तर देते. खर्च किती झाला हे जमाखर्चाच्या वहीत कळते आणि किती दिवस गेले हे दिनदर्शिकेवर दिसते. या दोन्ही गोष्टींवरून काम किती झाले हे मात्र कळत नाही. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्यात मोजमाप पुस्तिका असते. ठेकेदाराने किती मजूर लावले याचे देयक निघत नाही. भिंत किती घनमीटर बांधली गेली ते मोजून, ठरलेल्या दराने, पुस्तिकेत नोंदले जाते आणि त्यावर देयक निघते. झालेल्या कामाला आधी ठरलेल्या दराने गुणणे, हेच अर्जित मूल्याचे बीज आहे.

या बीजाला शिस्तबद्ध रूप अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये दिले. मोठ्या शस्त्रप्रकल्पांचे खर्च हाताबाहेर जात होते, म्हणून खात्याने कंत्राटदारांच्या हिशेबपद्धतीसाठी ३५ निकष घालून दिले. १९९८ मध्ये ही पद्धत अमेरिकेत राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली गेली.

तीन आकडे

या पद्धतीत तीन रकमा लागतात.

पहिली, नियोजित मूल्य : आजच्या तारखेपर्यंत जेवढे काम व्हायला हवे होते, त्याची अंदाजपत्रकातील किंमत.

दुसरी, अर्जित मूल्य : आजच्या तारखेपर्यंत खरोखर जेवढे काम झाले, त्याची अंदाजपत्रकातील किंमत.

तिसरी, प्रत्यक्ष खर्च : त्या झालेल्या कामासाठी हातचे गेलेले पैसे.

दुसऱ्या व्याख्येतील ‘अंदाजपत्रकातील’ हा शब्द अधोरेखित करून ठेवावा. नवशिक्यांची सर्वाधिक चूक येथेच होते. काम करायला किती पैसे लागले याच्याशी अर्जित मूल्याचा संबंध नाही. तेच काम करायला किती लागतील असे आपण आधी म्हटले होते, ती ही रक्कम आहे.

या तीन रकमांतून दोन गुणोत्तरे निघतात. अर्जित मूल्याला प्रत्यक्ष खर्चाने भागले की खर्च निर्देशांक मिळतो. अर्जित मूल्याला नियोजित मूल्याने भागले की वेळ निर्देशांक मिळतो. निर्देशांक १ असेल तर काम ठरल्याप्रमाणे चालले आहे. तो १ पेक्षा कमी असेल तर आपण मागे आहोत.

अ‍ॅजाइल पद्धतीची अडचण

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइल पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. सगळे काम आधी कागदावर बांधून मग वर्षभर त्याच कागदाप्रमाणे चालायचे, या रीतीला त्यांचा विरोध होता. काम लहान तुकड्यांत करावे, प्रत्येक तुकडा वापरता येईल असा पूर्ण करावा, तो ग्राहकाला दाखवावा आणि त्याच्या सांगण्यावरून पुढची दिशा ठरवावी, असा त्यांचा आग्रह होता. प्रगतीचे मुख्य माप चालणारे सॉफ्टवेअर हेच, असेही त्यांनी मांडले.

येथे अर्जित मूल्याशी विरोध दिसतो. अर्जित मूल्याला आधी ठरलेली योजना लागते, आणि अ‍ॅजाइल पद्धतीत योजना बदलणे हाच नियम असतो. मग मोजायचे कशाच्या तुलनेत?

या प्रश्नावर २००६ मध्ये तमारा सुलेमान, ब्रेंट बार्टन आणि थॉमस ब्लॅकबर्न यांनी एक शोधनिबंध सादर केला. त्यांच्या मांडणीचा गाभा सोपा आहे. संपूर्ण प्रकल्पाऐवजी एक आवृत्ती, म्हणजे ग्राहकाच्या हाती एका वेळी जाणारा कामाचा संच, हे मोजण्याचे एकक धरावे. त्या आवृत्तीतील एकूण काम, एकूण स्प्रिंट आणि एकूण रक्कम ठरलेली असते. दर स्प्रिंटच्या शेवटी किती काम पूर्ण झाले हे संघाला माहीतच असते. एवढ्या माहितीवर अर्जित मूल्य काढता येते. जुन्या पद्धतीची सूत्रेही तशीच लागू पडतात, हे त्यांनी गणिताने दाखवले.

सोडवलेले उदाहरण

आता एक कल्पित प्रकल्प घेऊ. समजा, इंदूरच्या मराठी बोलीचा शब्दसंग्रह मोबाइलवर आणायचा आहे. होळकरांच्या काळापासून येथे नांदणारी ही मराठी आहे. माळवी आणि हिंदीच्या शेजारात तिला वेगळे वळण लागले. ‘येऊन राहिलो’ सारखे प्रयोग तिच्यात सहज ऐकू येतात. या कामासाठी ६,००,००० रुपये मिळाले आहेत. काम १० स्प्रिंटमध्ये करायचे आहे आणि एक स्प्रिंट एका पंधरवड्याचा आहे.

कामांची यादी करून संघाने प्रत्येक कामाला त्याच्या आकाराप्रमाणे पॉइंट दिले. ५० नोंदींचा गठ्ठा संपादून तयार करणे, शोधाची सोय करणे, उच्चार ध्वनिमुद्रित करणे ही अशी कामे. सर्व मिळून ३०० पॉइंट झाले. म्हणजे एका पॉइंटची अंदाजपत्रकातील किंमत २,००० रुपये.

चार स्प्रिंट संपले. ९० पॉइंटचे काम पूर्ण झाले. खर्च २,२५,००० रुपये झाला.

नियोजित मूल्य : १० पैकी ४ स्प्रिंट, म्हणजे ४० टक्के. ६,००,००० चे ४० टक्के = २,४०,००० रुपये.

अर्जित मूल्य : ३०० पैकी ९० पॉइंट, म्हणजे ३० टक्के. ६,००,००० चे ३० टक्के = १,८०,००० रुपये.

खर्च निर्देशांक : १,८०,००० ÷ २,२५,००० = ०.८०. खर्च केलेल्या प्रत्येक रुपयातून ८० पैशांचेच काम उतरले.

वेळ निर्देशांक : १,८०,००० ÷ २,४०,००० = ०.७५. जेवढे व्हायला हवे होते त्याच्या तीन चतुर्थांश काम झाले.

नुसती वही पाहणारा मनुष्य येथे खूश होईल. २,४०,००० खर्च होणार होते, २,२५,०००च झाले, म्हणजे १५,००० वाचले! खरे तर एक सहकारी काही दिवस नव्हता, म्हणून मानधन कमी गेले आणि कामही कमी झाले. काम बाजूला ठेवून खर्च पाहिला की तोटा बचतीच्या वेषात समोर येतो.

पुढचा अंदाजही यातून निघतो. हाच दर राहिला तर एकूण खर्च ६,००,००० ÷ ०.८० = ७,५०,००० रुपये होईल. वेळही काढता येतो. चार स्प्रिंटमध्ये ९० पॉइंट, म्हणजे वेग दर स्प्रिंटला २२.५ पॉइंट. ३०० ÷ २२.५ = १३.३, म्हणजे चौदावा स्प्रिंट लागणारच. वेळ निर्देशांकाने १० ÷ ०.७५ केले तरी तेच उत्तर येते. हे चौथ्या स्प्रिंटच्या शेवटी कळले तर कामांची यादी कमी करता येते, मुदत मागता येते किंवा पैसे मागता येतात. नवव्या स्प्रिंटला कळले तर माफी मागण्याखेरीज फारसे काही उरत नाही.

‘पूर्ण’ म्हणजे काय?

वरचे सारे गणित ‘पूर्ण झाले’ या दोन शब्दांवर उभे आहे. समजा, त्याच वेळी आणखी २० पॉइंटचे काम अर्धे झाले होते आणि संघाने त्याचे १० पॉइंट धरले. मग ९० चे १०० होतात, अर्जित मूल्य २,००,००० होते, खर्च निर्देशांक ०.८९ वर चढतो आणि अंदाजित एकूण खर्च ७,५०,००० वरून ६,७५,००० वर उतरतो. अर्ध्या कामाला अर्धे गुण दिल्याने ७५,००० रुपयांची चिंता कागदावरून पुसली जाते.

म्हणून अ‍ॅजाइल पद्धतीत नियम कडक असतो : काम पूर्ण असेल तर सगळे पॉइंट, नसेल तर शून्य. पूर्णत्वाची व्याख्या आधी लिहून ठेवावी लागते. आपल्या उदाहरणात एखादी नोंद पूर्ण कधी म्हणायची? शब्द टिपला, अर्थ लिहिला, वापराचे वाक्य घेतले, दुसऱ्या जाणकाराने तपासले आणि ती वाचकाला शोधून सापडते, तेव्हा. शब्दांच्या चिठ्ठ्यांनी भरलेली खोकी कितीही असली तरी त्यांचे अर्जित मूल्य शून्यच. ज्यांनी प्रबंध लिहिला आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. टिपणांची वही भरलेली असते आणि प्रकरण एकही तयार नसते.

काम वाढले तर

चौथ्या स्प्रिंटनंतर तज्ज्ञ समितीने सांगितले की प्रत्येक नोंदीला वृद्ध भाषकांचा आवाज जोडा. हे ६० पॉइंटचे नवे काम आहे. यादी ३६० पॉइंटची झाली. अनुदान तेवढेच राहिले तर ९० पॉइंट आता २५ टक्के ठरतात आणि अर्जित मूल्य १,८०,००० वरून १,५०,००० वर घसरते. कालचे काम आज कमी झाले का? नाही. त्याच रकमेत अधिक काम बसवल्याने प्रत्येक पॉइंटची किंमत उतरली. ‘एवढे तर करून टाका’ या वाक्याची किंमत ३०,००० रुपये आहे, हे येथे लख्ख दिसते.

योग्य रीत अशी : नव्या कामासोबत जुन्याच दराने १,२०,००० रुपये आणि २ स्प्रिंट वाढवून घ्यावेत. मग अंदाजपत्रक ७,२०,००० चे, स्प्रिंट १२, अर्जित मूल्य पुन्हा १,८०,००० आणि दोन्ही निर्देशांक पूर्वीइतकेच राहतात. अंदाज मात्र बदलतो. चालू दराने एकूण ९,००,००० रुपये आणि १६ स्प्रिंट लागतील. हे जमत नसेल तर यादीतील दुसरे ६० पॉइंटचे काम काढावे. दोन्ही न करता काम वाढवणे म्हणजे तूट कोणाच्या तरी रात्रींवर ढकलणे होय.

कोशकारांचा धडा

मराठीत या विषयाची खरी शाळा म्हणजे आपले कोशप्रकल्प. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. पहिल्या आवृत्तीत सुमारे ४०,००० शब्द होते, दुसरीत सुमारे ६०,०००. साठ हजार होईपर्यंत वाचकाला थांबवून ठेवले नाही. २६ वर्षे अपुरा, पण चालणारा कोश लोकांच्या हाती होता.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० ते १९२७ या काळात निघाले. त्यासाठी त्यांनी रीतसर कंपनी काढली होती. पुढे त्यांनी या कामाचा इतिहासही लिहिला आणि त्याच्या नावातच बारा वर्षांच्या कामाचा उल्लेख केला. वर्गणीदारांच्या जोरावर चालणाऱ्या प्रकल्पाला खंड हातात देत राहावे लागते. ‘काम चालू आहे’ या निरोपावर वर्गणी येत नाही.

मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये निघाला आणि विसावा २०१५ मध्ये. अकारविल्हे चालणाऱ्या कोशात ‘ह’ ची पाळी शेवटी येते, आणि तोवर ‘अ’ च्या नोंदी जुन्या होतात. पुढे विश्वकोश महाजालावर आला आणि विषयवार ज्ञानमंडळांतून नोंदी अद्ययावत करण्याची योजना आली. एका दीर्घ योजनेकडून लहान, सतत चालणाऱ्या आवर्तनांकडे झालेला हा प्रवास आहे. अ‍ॅजाइल हा शब्द न उच्चारताही तो समजावून घेता येतो.

हे माप काय सांगत नाही

पहिली मर्यादा : स्थिर संघात आणि ठरलेल्या मानधनात प्रत्यक्ष खर्च नियोजित मूल्याइतकाच राहतो, आणि मग दोन्ही निर्देशांक एकच आकडा दाखवतात. त्यांना दोन स्वतंत्र साक्षीदार मानू नये.

दुसरी : प्रकल्प कितीही रखडला तरी शेवटी सारे काम पूर्ण होते. तेव्हा अर्जित मूल्य आणि नियोजित मूल्य सारखे होतात आणि वेळ निर्देशांक १ होतो. उशिरा संपलेला प्रकल्प अखेरीस वेळेवर असल्यासारखा दिसतो. वॉल्ट लिपके यांनी २००३ मध्ये या दोषावर उपाय मांडला. तो असा की उशीर रुपयांत न मोजता काळात मोजावा. ‘७५ टक्के’ म्हणण्याऐवजी ‘चौथ्या स्प्रिंटच्या शेवटी आपण तिसऱ्याच्या शेवटी असायला हवे तेथे आहोत’ असे म्हटले की ते सर्वांना समजते.

तिसरी : मापात पाप. पॉइंट संघ स्वतः ठरवतो. वरिष्ठांनी पॉइंटवरून बक्षीस आणि शिक्षा सुरू केली की ५ पॉइंटचे काम ८ चे होते. आकडे फुगतात, काम तेवढेच राहते.

चौथी मर्यादा सर्वांत मोठी आहे. आपल्या उदाहरणात १० पॉइंटची दोन कामे धरू. एक, अ‍ॅपचे दर्शनी पडदे सुशोभित करणे. दुसरे, ऐंशी पार केलेल्या काही भाषकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करणे. दोन्हींचे अर्जित मूल्य २०,००० रुपयेच. पण पहिले काम सहा महिन्यांनी केले तरी चालते. दुसरे सहा महिन्यांनी करायला गेलो तर ते घर बंद असू शकते. कोणते काम आधी, हे सूत्र सांगत नाही. ते माणसांना ठरवावे लागते. अ‍ॅजाइल पद्धतीत कामांची यादी महत्त्वाच्या क्रमाने लावण्याला एवढे वजन आहे, ते याचसाठी.

आपल्या शहरातच दुसरे उदाहरण आहे. इंदूर मेट्रोची पिवळी मार्गिका सुमारे ३१ किलोमीटरांची आहे. तिचा सुपर कॉरिडॉरवरील सुमारे ६ किलोमीटरांचा आणि पाच स्थानकांचा पहिला टप्पा ३१ मे २०२५ रोजी सुरू झाला. लांबीने हा भाग सुमारे पाचवा हिस्सा. खर्चाचा हिस्सा वेगळा निघेल, आणि राजवाड्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला त्याचा होणारा उपयोग आणखी वेगळा. लांबी, खर्च आणि उपयोग ही तीन मापे एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

शब्दांची निवड

येथे भाषेचा प्रश्न येतो. मराठीत ‘मूल्य’ म्हणजे किंमतही आणि आदर्शही. ‘जीवनमूल्य’ म्हणणारा वाचक ‘अर्जित मूल्य’ ऐकून हे काम समाजाला किती मोलाचे ठरले याचे माप समजेल. ते तसे नाही. हा घोटाळा इंग्रजीतही आहे. तेथे या रकमेचे जुने नाव ‘झालेल्या कामाचा अंदाजपत्रकीय खर्च’ अशा अर्थाचे होते. ते लांब पण प्रामाणिक होते. माझ्या मते पारिभाषिक संज्ञा म्हणून ‘अर्जित मूल्य’ ठेवावी, पण पहिल्या उल्लेखात ‘झालेल्या कामाची ठरीव किंमत’ असा खुलासा अवश्य द्यावा.

‘बॅकलॉग’ साठी काहीजण ‘अनुशेष’ सुचवतात. हा शब्द महाराष्ट्रात विभागांच्या रखडलेल्या विकासासाठी रूढ आहे. त्यात थकबाकीचा, अपयशाचा सूर आहे. अ‍ॅजाइल पद्धतीतला बॅकलॉग थकलेला नसतो, तो अजून करायचा असतो. ‘कामांची यादी’ पुरे. ‘रिलीज’ साठी मात्र ग्रंथव्यवहारातला ‘आवृत्ती’ हा शब्द चपखल बसतो, कारण त्यात ‘ही शेवटची नाही’ हे गृहीतच आहे. ‘स्प्रिंट’ आणि ‘पॉइंट’ जसेच्या तसे ठेवावेत. ‘पॉइंट’ ला ‘गुण’ म्हटले तर परीक्षा आठवते, आणि मग मापात पाप व्हायला वेळ लागत नाही.

अभ्यासासाठी

एका हस्तलिखित-अंकीकरण प्रकल्पाचे अंदाजपत्रक ४,००,००० रुपये, ८ स्प्रिंट आणि २०० पॉइंट असे आहे. तीन स्प्रिंटनंतर ६० पॉइंटचे काम पूर्ण झाले आणि १,६०,००० रुपये खर्च झाले. दोन्ही निर्देशांक, अंदाजित एकूण खर्च आणि लागणारे स्प्रिंट काढा. (उत्तर : खर्च निर्देशांक ०.७५, वेळ निर्देशांक ०.८०, खर्च सुमारे ५,३३,३०० रुपये, स्प्रिंट १०.)

उत्तर आल्यावर आणखी एक काम करावे. हा निकाल अनुदान देणाऱ्या समितीला पाच ओळींच्या मराठी पत्रात कळवावा. पत्रात इंग्रजी संज्ञा नको आणि सबबही नको. किती काम झाले, किती पैसे गेले, पुढे काय लागेल आणि कोणते काम आधी केले पाहिजे, एवढेच लिहावे. गणित बहुतेकांना जमते. हे पत्र लिहिताना हात अडखळतो, आणि अर्जित मूल्य शिकायचे ते असे पत्र वेळेवर लिहिता यावे म्हणूनच.